लुनेचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारीला पुन्हा उभे करण्याचा छंद म्हटला की मुंबई-पुण्यातील मेळावे डोळ्यांसमोर येतात. दोघांपुरती बैठक, उघडा टप आणि चकाकणारा क्रोम अशा एखाद्या एमजी वा जग्वार स्पोर्ट्स मोटारीभोवती गर्दी जमलेली असते. घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे खपून, परदेशातून एकेक भाग मागवून मालकाने ती उभी केलेली असते. नगर जिल्ह्यातील व्यापारी घराला हे सारे दूरचे वाटते. परंतु तितक्याच आस्थेला पात्र असलेले एक वाहन या जिल्ह्यातील अनेक वखारींत पोत्यांच्या थप्पीमागे धूळ खात उभे आहे. नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्यात ते घडले. त्याचे नाव लुना.

अहिल्यानगर शहराला वाहने जपण्याची सवय नाही असे नव्हे. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे व रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार निगुतीने सांभाळलेली आहे. युद्धातील वाहने जपणाऱ्या या गावात, गावानेच घडवलेले वाहन मात्र किलोच्या भावाने भंगारात जाते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

लुनेची कथा नगरच्या फिरोदिया घराण्याशी निगडित आहे. कुंदनमल फिरोदिया हे वकील आणि स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पोच्या स्थापनेत पुढाकार घेतला. दुसरे पुत्र हस्तीमल यांनी १९७० मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी स्थापन केली, आणि १९७२ मध्ये लुना बाजारात आली. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर तिची पहिली आवृत्ती बेतलेली होती. पन्नास सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, आणि सायकलसारखी पायडले. हस्तीमल यांचे पुत्र अरुण फिरोदिया यांनी हे काम पुढे वाढवले. सुपर, टीएफआर, मॅग्नम, विंग्ज अशी तिची रूपे घरोघरी पोहोचली.

स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागण्याचा तो काळ होता. त्या काळात लुनेने पेढीवरच्या मुनिमाला, शाळेतील बाईंना, आडत्याच्या मुलाला स्वतःचे वाहन दिले. आडते बाजारातून दाळमंडईत, तेथून मार्केट यार्डात, उधारीच्या वसुलीसाठी आसपासच्या खेड्यांत ती फिरली. पुढच्या मोकळ्या जागेत तेलाचा डबा किंवा धान्याची गोणी उभी राही. पेट्रोल संपले तर पायडल मारून घर गाठता येई. कित्येक दुकानांची पहिली घरपोच सेवा याच गाडीने दिली. त्या दुकानांच्या चोपड्या जपून ठेवल्या जातात. गाडी मात्र दिवाळीच्या आवराआवरीत नाहीतर वाटणीच्या वेळी सर्वांत आधी बाहेर निघते.

ती वाचवायची ठरवली, तर आधी एका शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा लागतो. जैन घरांना जीर्णोद्धार हा शब्द मंदिरांमुळे परिचित आहे. जीर्णोद्धारात जो दगड सुस्थितीत आहे तो जागेवर राहतो, जो झिजला आहे तेवढाच बदलला जातो आणि प्रत्येक खर्चाचा हिशेब लिहिला जातो. जुने सगळे पाडून त्या जागी चकचकीत नवे उभारणे हे नवनिर्माण होय. गाडीच्या बाबतीत हाच फरक बहुधा विसरला जातो. उत्साहाच्या भरात मूळ रंग खरवडून धातूची चमक असलेला नवा रंग दिला जातो, मूळ हँडल काढून दुसऱ्या गाडीचे बसवले जाते, जुने सुटे भाग कचऱ्यात जातात. शेवटी उभी राहते ती दिसायला सुंदर, पण आजोबांची गाडी नव्हे.

म्हणून पहिले हत्यार पाना नसून वही आहे. एकही बोल्ट सैल करण्याआधी गाडीची चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत. चासिस व इंजिनचा क्रमांक कागद ठेवून पेन्सिलीने उमटवून घ्यावा. गंज घासताना हे आकडे पुसले गेले, तर गाडीची ओळखच पुसली जाते. सुटे झालेले स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा वेगवेगळ्या डब्यांत घालून चिठ्ठ्या लावाव्यात. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, कधी व किती रुपयांना आणला, हे तारखेसह लिहीत जावे. व्यापारी घराला हे शिकवावे लागत नाही.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या लुनेचे इंजिन बहुधा जाम झालेले असते. अशा वेळी पायडलवर उभे राहून जोर लावणे किंवा हातोडा चालवणे हा हमखास नुकसानीचा मार्ग. प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल व ऑइल सोडावे, चार-आठ दिवस मुरू द्यावे, मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. इंजिन सुटले तरी लगेच सुरू करू नये. हेड उघडून पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरवरचे ओरखडे पाहावेत. ओरखडे खोल असतील, तर लेथवर बोअर करून मापाचा पिस्टन बसवावा लागतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जाते. त्यामुळे क्रँकची ऑइल सील वाळून चिरलेली असली, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून पुन्हा जाम होते. ही सील स्वस्त असते. ती न बदलण्याची किंमत मोठी असते.

ठिणगी पडत नसेल, तर फ्लायव्हीलखालचे पॉइंट आणि कंडेन्सर पाहावे. पॉइंटवर नुसता गंज असेल, तर बारीक पॉलिश पेपरने तो निघतो. फ्लायव्हील काढायला पुलरच हवा. पेचकसाने उचकटले की कडा फुटते. सायलेन्सर आणि धूर बाहेर पडण्याची वाट कार्बनने बुजलेली असते. तो कार्बन काढला, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत डिकार्ब केले, की पुष्कळदा गाडीची गेलेली ताकद परत येते.

टाकीतला गंज काढायला किराणा दुकानातलेच लिंबूफूल पुरते. प्रथम टाकी पेट्रोलपासून पूर्ण रिकामी करून उघड्यावर वाळवावी. मग कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून टाकी भरावी, रात्रभर ठेवावी, दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून, पूर्ण वाळवून आत ऑइल फिरवावे. पेट्रोलचे काम मोकळ्या हवेत, देव्हाऱ्यातील दिवा आणि स्वयंपाकघर यांपासून दूर व्हावे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या व पॅकिंग त्याने बिघडू शकतात, शिवाय इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते. म्हणून नळ्या नव्या घालाव्यात आणि गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल, तर टाकी रिकामी करावी.

रंगाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, आणि मोह तेथेच सर्वाधिक असतो. जेथे मूळ रंग टिकला आहे तेथे तो धुऊन, पॉलिश करून तसाच ठेवावा. सीटजवळ गोणीने घासून उजळलेला पत्रा हा डाग नसतो, तो गाडीच्या कष्टाचा हिशेब असतो.

या मूळपणाला आता कायद्यानेही मोल दिले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात असावी. चासिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. १९७२ मधील लुनांनी २०२२ मध्ये ही पन्नाशी ओलांडली. म्हणजे हौसेने बसवलेले परके इंजिन हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही; त्यापायी गाडीचा हा हक्क जाऊ शकतो.

तथापि घरोघरच्या बहुतेक लुना १९८० व १९९० च्या दशकांतील आहेत. त्यांना सामान्य नियम लागू होतात. पहिल्या १५ वर्षांनंतर गाडीची तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण होते. त्यासोबत पर्यावरण कर आणि विमाही आला. म्हणून कामाला हात घालण्याआधी नोंदणीपुस्तक शोधावे आणि जेथे नोंदणी झाली त्या आरटीओ कार्यालयात, म्हणजे एमएच १६ साठी नगरला व एमएच १७ साठी श्रीरामपूरला, चौकशी करावी. मालक दिवंगत असतील, तर वारसांच्या नावे हस्तांतरही करून घ्यावे. कागद नसलेली गाडी कितीही सुरेख झाली, तरी ती अंगणापुरतीच राहते.

या खटाटोपाविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. टू-स्ट्रोक इंजिन धूर ओकते, म्हणून ते रोज चालवणे योग्य नव्हे. दिवाळी-पाडव्याला गल्लीतून एक फेरी पुरे. लागलेला पैसा विक्रीतून परत येईल, या आशेने तर हे काम करूच नये. पण त्यातून जे मिळते ते बाजारात मिळत नाही. पॉइंट सेट करणारे, इंजिनच्या आवाजावरून मिश्रण ओळखणारे मिस्त्री आता वयोवृद्ध झाले आहेत. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून सोळा-सतरा वर्षांच्या नातवाने एक इंजिन उघडले, तर ती विद्या आणखी एका पिढीकडे जाते. सर्व काही घरपोच मागवून, बिघडले की फेकून देणाऱ्या पिढीला वस्तू दुरुस्त होते, हे हाताने कळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हस्तीमल यांची नात सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीन कंपनीने विजेवर चालणारी ई-लुना बाजारात आणली. नाव पुढे चालू राहिले. जुन्या लुनेचे मात्र नवे उत्पादन होणार नाही. आहेत तेवढ्याच आहेत आणि दर वर्षी त्यातील काही काट्यावर चढतात. या दिवाळीत वखार आवरताना भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी पोत्यांमागे एकदा पाहावे, आणि गाडी निघालीच तर पुसण्याआधी तिचा चासिस क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावा.