ग्राउंड स्टेशन कपाटात कशाला?

ड्रोनचं प्रोजेक्ट घेतलं की ग्रुपमध्ये चर्चा होते ती मोटर, प्रोपेलर आणि बॅटरीची. ग्राउंड स्टेशन म्हणजे ‘ते शेवटी बघू’! मग शेवटी कोणाचा तरी लॅपटॉप भर उन्हात मैदानावर नेला जातो, आणि स्क्रीनवर ड्रोनच्या जागी स्वतःचंच तोंड दिसतं. नाहीतर डिपार्टमेंटचा तयार संच कपाटातून निघावा म्हणून सह्या गोळा करत फिरायचं. माझं मत विचाराल तर ग्राउंड स्टेशनला एक साधा अँड्रॉइड टॅब पुरतो. रोबोटिक्सचं जड सॉफ्टवेअर मात्र ड्रोनवरच हवं.

कसं ते सांगतो. ड्रोन आणि जमीन यांच्यात बोलणं चालतं ते बहुधा मॅव्हलिंकच्या भाषेत. झुरिचच्या ईटीएचमध्ये विद्यार्थी असताना लॉरेन्झ मायरने २००९ मध्ये ती बाहेर आणली. (हो, विद्यार्थी असताना! आपल्याकडे त्याला आधी ‘सिलॅबसमध्ये आहे का?’ असं विचारलं असतं.) दोन्ही बाजू साधारण सेकंदाला एकदा ‘मी आहे’ असा हार्टबीट पाठवतात. मॅव्हलिंकच्या दुसऱ्या आवृत्तीत तो अख्खा निरोप २१ बाइट्सचा असतो. त्यात उंची, बॅटरी, जीपीएसची भर घातली तरी एवढ्याशा माहितीसाठी महागडं यंत्र कशाला? क्यूग्राउंडकंट्रोल फुकट आहे, अँड्रॉइडवर चालतं, आणि टेलिमेट्री रेडिओ ओटीजी केबलने टॅबला जोडता येतो. फक्त रेडिओ मागवताना बँड बघा. परदेशी किटमधले ९१५ मेगाहर्ट्झचे रेडिओ आपल्याकडच्या विनापरवाना बँडमध्ये बसत नाहीत, ८६५ ते ८६७ मध्ये चालणारा घ्या.

टॅबमध्ये दोष नाहीत असं नाही. तो उन्हात तापतो, तापला की स्क्रीन मंद होते, आणि नेमक्या वेळी घरून व्हिडिओ कॉल येतो. म्हणून तो एअरप्लेन मोडवर टाकायचा, नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा. टॅबवाल्याने आकडे वाचावेत, रिमोटवाल्याने आकाशाकडे बघावं.

आता रॉसबद्दल. बरेच ग्रुप्स रॉस लॅपटॉपवर टाकतात आणि तिथून वायफायवरून ड्रोनला ‘इकडे जा, तिकडे जा’ सांगतात. डेमोला छान दिसतं! पण पीएक्स४ ऑटोपायलटच्या ऑफबोर्ड मोडची अट अशी की बाहेरचा सिग्नल सेकंदाला दोन वेळांपेक्षा जास्त सतत येत राहिला पाहिजे. वायफाय थोडा वेळ जरी अडखळलं तरी ड्रोन तो मोड सोडतो. मग विचार करणारं डोकं वायफायच्या भरवशावर जमिनीवर कशाला ठेवायचं? रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर ड्रोनवर बसवा, रॉस त्यावर चालवा. मॅव्हरॉस हा दुभाषा रॉस आणि ऑटोपायलटला जोडतो, शिवाय तोच डेटा टॅबकडेही पाठवतो. टॅबने बघायचं आणि ‘परत ये’ म्हणायचं, बस्स.

हे मी तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या लॅबमध्ये एक तयार संच आहे (कंपनीचं नाव लिहीत नाही). टॅब त्यातही आहे, पण त्यात कंपनीचं एकच ॲप. ना पॅरामीटर दिसतात ना लॉग. टेक-ऑफचं चित्र दाबा, ड्रोन उडतो, जर्नलवर सही मिळते. ‘लिंक तुटली तर काय होईल?’ असं व्हायव्हात विचारलं की सगळे गप्प. दोष मुलांचा नाही, त्यांना ते कुणी दाखवलंच नाही. आणि महागाच्या भीतीने ज्युनिअर्सना तर त्याला हातही लावू देत नाहीत.

या प्रश्नाचं उत्तर आर्डूपायलटमध्ये उघड्यावर आहे. ग्राउंड स्टेशन फेलसेफ चालू असेल, तर मूळ सेटिंगप्रमाणे ५ सेकंद हार्टबीट आला नाही की ड्रोन ठरवून दिलेली कृती करतो. ती कृती ‘घरी परत’ असेल तर परतीची मूळ उंची १५ मीटर. आता आपल्या ग्राउंडच्या कडेची नारळाची झाडं आठवा! तो आकडा कुणी बदलायचा? जो पॅरामीटर उघडून बघू शकतो त्यानेच.

‘पण परवानगीचं काय?’ हे हमखास येतं. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी लायसन्स आणि नोंदणीतून सूट दिली गेली. अट अशी की उड्डाण ग्रीन झोनमध्ये आणि संस्थेच्या स्वतःच्या किंवा ताब्यातल्या जागेतच हवं. तेव्हा आधी आपलं कॉलेज नकाशावर कुठल्या रंगात येतं ते तपासा.

पुढच्या सेमच्या खरेदीच्या यादीत बंद संचाऐवजी दोन रेडिओ जोड्या, दोन पाय आणि एक स्वस्त टॅब लिहावा, अशी आमच्या एचओडी सरांना विनंती. तोपर्यंत आर्डूपायलटचा सिम्युलेटर हॉस्टेलच्या पीसीवर चालतो. त्याला टॅब जोडा, ड्रोन हवेत असताना टॅबचं वायफाय मुद्दाम बंद करा, आणि पाच आकडे मोजा. प्रोपेलर मोडत नाही.