पाठांतर म्हणजे वक्तृत्व नव्हे!

१४ एप्रिल जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यावस्त्यांत वक्तृत्व स्पर्धांचे फलक लागतात. गुरुजींनी लिहून दिलेले भाषण मुले पाठ करतात, हातवारे करतात, टाळ्या घेतात. स्पर्धा व्हाव्यातच. परंतु पाठांतर म्हणजेच वक्तृत्व काय, याचा विचार चळवळीने करायला हवा.

हा वाद जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधील काही शिक्षक शिष्यांना तयार भाषणे पाठ करायला देत. ॲरिस्टॉटलने त्यांना फटकारले. जोडे शिवायला न शिकवता तयार जोडेच हाती द्यावेत, तसा हा प्रकार, असे त्याचे म्हणणे. आपल्या परंपरेने तर याहून पुढचे सांगितले आहे. बोलणे खरे असावे, हिताचे असावे आणि योग्य वेळी असावे, हा तथागतांचा उपदेश अभयराजकुमार सुत्तात आहे. मिलिंद राजालाही भदन्त नागसेनांनी अट घातली होती की, चर्चा पंडितांसारखी होणार असेल तरच बोलू, राजासारखी नाही. पंडित आपली चूक कबूल करतो, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो.

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांचे नाव अचानक पुकारले गेले. तयारीला वेळ नव्हता, तरी सभागृह स्तब्ध होऊन ऐकत राहिले. ते बळ पाठांतराचे नव्हते, आयुष्यभराच्या वाचनाचे आणि चिंतनाचे होते. राजकारणात येणाऱ्यांनी शिकूनच यावे म्हणून जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकीय प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले आणि काही महिन्यांतच ते विद्यालय बंद पडले. ते काम अपुरेच राहिले आहे.

त्याची किंमत आजही आपण मोजतो. जातिवाचक शिवीगाळ झालेला माणूस पोलीस ठाण्यात जातो. नेमके शब्द कोणते, जागा कोणती, लोकांसमक्ष घडले काय, तेथे कोण हजर होते, हे फिर्यादीत आले नाही तर ॲट्रॉसिटीचा खटला कमजोर होतो. व्यासपीठ गाजवणारा आपला तरुण तेथे सोबत असतो, पण घोषणेपलीकडे त्याला चार वाक्ये मुद्देसूद सांगता येत नाहीत. मग फिर्याद ठाणे अंमलदाराच्या शब्दांत लिहिली जाते!

म्हणून प्रत्येक विहारात रविवारी दोन तास द्या. संविधानाचे एक कलम किंवा एखादा शासन निर्णय घ्या. मुलांना दोन्ही बाजूंनी बोलू द्या आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्या. स्पर्धेत निम्मे गुण प्रश्नोत्तरांना ठेवा. १९३७ साली बाबासाहेब वकील म्हणून धुळ्यास आले होते. त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. तेथे केवळ फुले वाहून परतायचे, की त्यांच्यासारखा युक्तिवाद करणारी पिढी घडवायची?

जयभीम!