गोकुळ आणि लेंढार

मराठीत एकाच वस्तुस्थितीला दोन नावे आहेत. जुन्या वाड्यात आठ-नऊ मुले वाढली असली की ते 'गोकुळ' असते, 'भरलेले घर' असते. त्या घरच्या आजींच्या पंच्याहत्तरीला सगळी भावंडे ओळीने उभी राहतात, छायाचित्र निघते आणि 'आईने आम्हां नऊ जणांना कसे वाढवले' असा लेख एखाद्या स्मरणिकेत छापून येतो. तीच आठ-नऊ मुले विडी वळणाऱ्या बाईच्या पत्र्याच्या खोलीत असली की त्यांचे 'लेंढार' होते, 'लटांबर' होते. 'पैदास' हा गुरांच्या बाजारातला शब्दही मग वर्ज्य राहत नाही. आम्ही मराठी शिकवून पोट भरतो, त्यामुळे शब्द उलटून पाहण्याची खोड जडली आहे. संख्या तीच राहून शब्द बदलत असेल, तर तो शब्द संख्येविषयी काही सांगत नाही हे उघड आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की मोठ्या कुटुंबांविषयीची आपली चारचौघांतली नापसंती मुलांच्या संख्येविषयी कधीच नव्हती. मुले कोणाची, एवढाच तिचा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. पूर्वीचा काळ निराळा होता. मुले दगावत, साधने नव्हती, शेतीला हात लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आईवडिलांचे चौदावे अपत्य होते. आमच्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठ भावंडांपैकी एक. त्या आईबापांना आजची फूटपट्टी लावू नये, हे मान्यच. मग ज्यांच्यापर्यंत आजचा काळ अजून पोचलेलाच नाही, त्यांना तरी ती का लावावी?

सप्टेंबर २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील भटक्या समाजातील एक अडतीस वर्षांची स्त्री विसाव्यांदा गरोदर असल्याची बातमी देशात आणि देशाबाहेरही गाजली. आम्हांला त्या बातमीपेक्षा तिच्यावर उसळलेला हशा अधिक आठवतो. क्रिकेटच्या दोन संघांचे विनोद झाले, नवऱ्याचे नाव घेऊन अचकट-विचकट लिहिले गेले. आमच्या व्यवसायातील सुशिक्षित मंडळीही चहाच्या वेळी त्यात हौसेने सामील झाली. बातमीच्या मजकुरात जे छापले होते ते मात्र फारसे कोणी वाचलेले दिसले नाही. तिची अकरा मुले हयात होती. पाच मुले जन्मानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत गेली होती. तीनदा गर्भपात झाला होता. आणि आधीची सगळी बाळंतपणे घरीच झालेली असून रुग्णालयात प्रसूत होण्याची तिची ती पहिलीच वेळ असणार होती. स्वतंत्र भारतातल्या, महाराष्ट्रासारख्या 'पुरोगामी' म्हणवणाऱ्या राज्यातल्या एका बाईने सोळा बाळंतपणे दवाखान्याचे तोंड न पाहता काढली, पाच मुले मातीत दिली, आणि आपण मोजत बसलो ते अकरा की वीस!

अशा वेळी विचारला जाणारा ठरलेला प्रश्न असा : 'एवढी मुले होऊच कशी देतात?' आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना वाक्यातला कर्ता शोधायला सांगतो. या वाक्यात तो गुप्त आहे. 'होऊ देतात' म्हणजे कोण? प्रश्न विचारणाऱ्याची नजर बाईकडे असते, बोलणी तिला बसतात. प्रसूतिगृहातल्या आयाबाया ऐन कळांच्या वेळी ऐकवतात तेही तिलाच. पण मुलांची संख्या ठरवण्याचा अधिकार आपल्या किती घरांत बाईच्या हाती होता आणि आहे? हल्ली आमच्यातले उदारमतवादी मित्र 'तो त्यांचा वैयक्तिक निर्णय आहे' असे म्हणून विषय मिटवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तेही 'निर्णय' हा शब्द फार स्वस्तात वापरतात. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला निर्णय म्हणावे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींचे समारंभपूर्वक नवे नामकरण झाले. कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण 'नकुशी' हे नाव मुळात येते कोठून? तिसरी, चौथी, पाचवी मुलगी झाली की ते ठेवतात, म्हणजे पुढचा तरी मुलगा व्हावा. महाराष्ट्रातली पुष्कळ मोठी कुटुंबे ही मुलाची वाट पाहता पाहता मोठी झालेली कुटुंबे आहेत. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादात कन्या मोजलेल्याच नाहीत, हे ध्यानात घ्यावे. वंशाच्या दिव्याचा आग्रह सगळ्या समाजाचा, आणि त्यापायी झालेल्या पाच मुलींचा दोष तेवढा त्या एका बाईचा, असा हा हिशेब आहे.

सोलापूर जिल्ह्याला तरी हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. जानेवारी १९७६ मध्ये आपल्याच बार्शीत कुटुंबनियोजनाची दहा दिवसांची मोहीम निघाली होती आणि हजार शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठरले होते. सुरुवातीला कोणी फिरकेना, तेव्हा नगरपालिकेच्या कचरा वाहणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि दिसेल त्या पुरुषाला उचलून नेऊ लागल्या. त्यांत कामानिमित्त गावात आलेले बाहेरचे लोकही होते. गाडी कचऱ्याची होती, हा आम्हांला केवळ योगायोग वाटत नाही. ज्यांना एरवीच 'लेंढार' म्हटले जाते त्यांना न्यायला दुसरी कोणती गाडी येणार? बंगल्यांच्या फाटकाशी ती थांबल्याचे काही आमच्या वाचनात नाही. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी आणि नकार देणाऱ्याला तुरुंगवास अशी तरतूद असलेले विधेयक मंजूरही केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या.

त्या धसक्याचा परिणाम काय झाला? पुरुष या प्रकरणातून अंग काढून मोकळे झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. पाळणा हलवायचाही तिने आणि थांबवायचाही तिनेच.

याच महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात फार वेगळ्या जागेवरून झाली होती, हे आपण विसरून गेलो आहोत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली, खटले भरले गेले. त्यांचे म्हणणे स्त्रीच्या बाजूने होते. तिचे शरीर, तिचे आरोग्य, तिचे सुख यांवर तिची सत्ता असावी, हा त्यांच्या संततिनियमनाचा गाभा होता; देशाची गर्दी त्यानंतर येई. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते आंबेडकरांनी, आणि पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींचा ठराव आला तोही आंबेडकरांच्या पक्षाकडून, प्र. ज. रोहम यांनी तो मांडला. तो फेटाळला गेला. चौदावे अपत्य असलेल्या माणसाने हा ठराव आणावा यात काहींना विसंगती दिसते. आम्हांला दिसत नाही. ज्याने ते घर आतून पाहिले होते त्याने साधने मागितली. ज्यांनी बाहेरून पाहिले त्यांनी पुढे सक्ती मागितली. कर्वे दांपत्याने स्वतः मूल होऊ दिले नाही, तर त्यांनाही लोकांनी सोडले नाही. नऊ मुले झाली तरी नावे, एकही झाले नाही तरी नावे. असो.

आज कचऱ्याच्या गाड्या नाहीत. त्यांच्या जागी उमेदवारी अर्जातला एक रकाना आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून शासकीय नोकरीसाठी 'लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र' लागते. हरियाणातील अशाच कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे, तेव्हा वैधतेचा वाद आम्ही घालत नाही. आम्ही विचारतो ते इतकेच की आमदार-खासदारांना हा नियम का नाही? सरपंचाचे तिसरे मूल देशाला जड जाते आणि आमदाराचे जात नाही, हे कोणत्या लोकसंख्याशास्त्रात लिहिले आहे? एका हाताने आपण स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या कुशीची छाननी सुरू केली. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या नियमाच्या परिणामांची पाहणी केली होती. तीत पुढे आले ते असे : पद वाचवण्यासाठी बायकोला टाकणे, मूल दत्तक दिल्याचे दाखवणे, गर्भपात, आणि अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी, मागासवर्गीयांचा मोठा भरणा. दोनच मुले हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच, असे म्हटले की मधली मुलगी कोठे जाते हेही सांगायला नको. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या.

मग 'पण लोकसंख्या, पाणी, साधनसंपत्ती?' असे विचारले जाते. सोलापूरकराला पाण्याचे कोणी शिकवू नये. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येण्याचा काळ आम्ही सर्वांनी काढला आहे. तेव्हाही उजनी होतीच आणि तिच्या पाण्यावर ऊसही उभा होता. साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. कालव्याचे पाणी कोण पितो, हे सर्वांना ठाऊक असताना टंचाईचे खापर झोपडपट्टीतल्या सहाव्या पोरावर फोडणे सोयीचे आहे, कारण ते पोर मतदारही नाही आणि संचालकही नाही. शिवाय ज्या महापुराची भीती घातली जाते तो ओसरून गेला आहे. महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ च्या घरात होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला. मुसलमानांविषयीची नेहमीची कुजबुज करणाऱ्यांसाठी एवढेच : त्याच काळात देशातील मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ वरून २.४ वर आला आहे.

खरोखर ठरवून मोठे कुटुंब करणारी जोडपीही असतात, नाही असे नाही. कोणी श्रद्धेने, कोणी निव्वळ मुलांच्या हौसेने. त्यांचा मार्ग आम्हांला पटत नाही. वारंवारच्या बाळंतपणांनी आईचे शरीर झिजते, हे डॉक्टरांचे म्हणणे आम्ही खरे मानतो. पण पटत नाही म्हणून हिणवण्याचा परवाना मिळत नाही, आणि त्यांच्या मुलांना तर मुळीच नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर भावंडांची संख्या लिहिताना आवाज खाली गेलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. 'सात' असे सांगून त्या आधी आमच्या चेहऱ्याकडे पाहतात. जन्माला येण्याबद्दल माफी मागण्याची ही सवय त्यांना कोणी लावली?

आणि आता वारे उलटे वाहू लागले आहे. २०२१ मध्ये केरळमधील पाला धर्मप्रांताने पाच वा अधिक मुलांच्या कुटुंबांना दरमहा १५०० रुपये जाहीर केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी, थट्टेने का होईना, सोळा मुलांचा विषय काढला. नोव्हेंबरात आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट काढून टाकली, आणि १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन मुले हवीत असे सांगितले. काल 'बस' म्हणणारा समाज आज 'आणखी' म्हणतो आहे. दोन्ही वेळा बोलणारे पुरुष, व्यासपीठ उंच, आणि ज्यांच्या शरीराची गोष्ट चालली आहे त्या खाली सतरंजीवर. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या सासूबाई उद्या हा तीनचा उपदेश मनावर घेतील, सुनेला तिसरे होईल, आणि पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्या सुनेचा अर्ज छाननीत बाद होईल.