उन्हाळ्याआधी गाडीच्या रंगासाठी
चंद्रपूर-अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला की माणसं सावली गाठतात. उघड्यावर लावलेली गाडी मात्र दिवसभर तापत राहते, आणि सर्वांत आधी पांढरट पडतात ते टप आणि बॉनेट, कारण ऊन त्यांच्यावरच सरळ पडतं. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. अतिनील किरणं त्यातलं रेझिन हळूहळू मोडतात. त्याचे पापुद्रे सुटू लागले की कुठलंही पॉलिश कामी येत नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो. म्हणून काळजी आधी घ्यायची. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण सुंदर झळाळी देतं, पण कडक उन्हात महिना-दोन महिनेच टिकतं; पॉलिमरचं सीलंट काही महिने; सिलिकावर आधारलेलं सिरॅमिक कोटिंग नीट लावलं तर दोन-तीन वर्षं. या लेपांमुळे धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा सहज धुऊन निघते, पण अतिनील किरणं यातलं काहीच पूर्ण अडवत नाही. खरं रक्षण सावलीचं. तेव्हा हाताशी पैसे मोजकेच असतील, तर महागड्या कोटिंगआधी गाडीवर शेड घाला. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, त्याने ओरखडे पडतात. आणि मेण लावायचं तर फेब्रुवारीतच, गाडी शाम्पूने धुऊन, पत्रा गार असताना लावा.