जुन्या मस्टँगचा नवा रेडिएटर : बसवावा, पण कापून नव्हे

१/ १९६४ च्या १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली. पुढच्याच महिन्यात व्हेनिसमध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद तयार झाली. आज या दोन घटना एका साध्या प्रश्नापाशी भेटतात : जुन्या अमेरिकन गाडीत नवा रेडिएटर बसवावा का, आणि कसा?

२/ प्रश्न हौसेचा नाही. त्या काळचे बहुतेक रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, सांधे शिसे-कथिलाच्या झाळीचे. दशके लोटली की नळ्यांत क्षार साचतात, झाळ दुबळी होते. त्यातच मालक मूळपेक्षा ताकदवान इंजिन बसवतो. मग उन्हाळ्यातल्या वाहतूक कोंडीत तापमानाचा काटा चढू लागतो.

३/ उपाय म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर येतो. वस्तुतः तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक उष्णतावाहक आहे. परंतु ॲल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद करता येतात, आणि नळी व फिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारी झाळ नसते. शिवाय वजन कमी. म्हणून उत्तम बनावटीचा ॲल्युमिनियम रेडिएटर सरस ठरतो.

४/ शुद्धतावादी म्हणतात, हा धातू त्या काळाशी विसंगत आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभीच शेव्हरलेच्या कॉर्व्हेटमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर कारखान्यातूनच बसून येत असे. विटाळ धातूचा नाही.

५/ खरा अपराध कापण्यात आहे. सुरुवातीच्या मस्टँगमध्ये रेडिएटरची जागा अरुंद. तिथे पुढच्या काळातल्या मोठ्या इंजिनांसाठीचा २४ इंची रेडिएटर बसावा म्हणून समोरचा आधारपत्रा कापला जातो. या गाडीला वेगळी चौकट नाही; तो पत्रा दोन्ही बाजूंना सांधून ठेवतो. कापला की मजबुती घटते आणि कारखान्याच्या कामाचा पुरावाही नष्ट होतो.

६/ ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची २०१२ ची तुरीन सनद व्हेनिसच्या सनदेचाच वारसा सांगते. तिचा आशय असा : बदल करावा लागलाच तर तो नजरेत न भरणारा आणि उलटवता येण्याजोगा असावा, काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत.

७/ म्हणून आधी निदान करावे. गाडी उभी असताना तापत असेल, तर संशय पंखा व त्याभोवतीच्या आवरणावर घ्यावा. महामार्गावर वेगात तापत असेल, तर रेडिएटरवर. थर्मोस्टॅट आणि खालचा होजपाइप तपासल्याशिवाय खरेदी करू नये.

८/ नवा रेडिएटर मूळ मापाचा आणि मूळ बोल्टांच्या छिद्रांवर बसणारा घ्यावा. बोल्टांखाली रबरी वॉशर घालावेत आणि ते हाताच्या अंदाजाने बेताचेच आवळावेत. अतिताणाने ॲल्युमिनियमला तडे जातात. पंख्याला फिरायला मोकळी जागा आहे का, ते पाहावे. नळाचे पाणी भरू नये, गंजरोधक कूलंटच भरावे. इंजिनाचे अर्थिंग चांगले असावे. भटका विद्युतप्रवाह या धातूला आतून पोखरतो.

९/ जुना रेडिएटर भंगारात देऊ नये; चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवावा. चार बोल्ट काढून जो बदल मागे घेता येतो, तो मालकाचा हक्क आहे. करवतीने केलेला बदल मात्र पुढच्या मालकाच्या वाट्याचेही हिरावून घेतो, आणि त्याला तर कोणी विचारलेलेच नसते.