आइसलँड : ओळखीच्या माणसांचा देश

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश असून लोकसंख्या मात्र चार लाखांहूनही कमी आहे. तेथे बहुतेकांना आडनावच नसते. जॉनचा मुलगा जॉनसन, तर मुलगी जॉन्सडॉटिर; आपण वडिलांचे नाव मध्ये लावतो, ते शेवटी लावतात. छापील दूरध्वनी पुस्तिका होती तेव्हा तीत माणूस पहिल्या नावानेच शोधावा लागे आणि राष्ट्राध्यक्षांनाही सारे त्याच नावाने संबोधतात.

इ.स. ९३० पासून ‘आल्थिंग’ ही लोकसभा बाळगणाऱ्या या समाजाने निसर्गाचे आघात पुष्कळ सोसले. १७८३ च्या ज्वालामुखीनंतरच्या दुष्काळात सुमारे पंचमांश माणसे दगावली. स्वतःचे सैन्य नसतानाही मासेमारीच्या हद्दीसाठी हा देश ब्रिटनशी भांडला आणि १९७६ मध्ये २०० सागरी मैलांची हद्द पदरात पाडून घेतली. ‘होईल सारे ठीक’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग तेथे सर्वांच्या तोंडी असतो. वादळात होडी लोटणाऱ्याला ही वृत्ती तारते. परक्याचा पैसा सांभाळणाऱ्याला मात्र ती परवडत नाही.

२००३ पर्यंत सरकारी बँका खाजगी मालकीत गेल्या. पुढील पाच वर्षांत तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दहापट झाला. बँकेचे मालकच मोठे कर्जदार. नियामक आणि बँकर परस्परांच्या ओळखीचे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिन्ही बँका आठवडाभरात कोसळल्या.

ओळखीतून निर्माण होणारी पत किती मोलाची आणि किती घातक, हे पेणकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध लादले, बनावट कर्जखाती उजेडात आली आणि मूर्तिकार, शेतकरी, निवृत्त, किरकोळ व्यापारी अशा असंख्यांच्या ठेवी अडकल्या. संचालक गावचे, म्हणून विश्वास. आणि विश्वास, म्हणून चौकशी नाही. त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा अवघी १ लाख रुपये होती. ती ५ लाख होण्यास २०२० साल उजाडावे लागले.

आइसलँडने देशातील ठेवींची संपूर्ण हमी घेतली. ब्रिटन व नेदरलँड्समधील ठेवीदारांना मात्र वाऱ्यावर सोडले. त्यांची भरपाई सरकारी तिजोरीतून करण्याचा प्रस्ताव जनतेने २०१० व २०११ मध्ये मतदानाने दोनदा फेटाळला. व्यापारी मनाला हा नकार खटकतो. न्यायालयाने २०१३ मध्ये आइसलँडची बाजू उचलून धरली, हे खरे. परंतु कायदा आणि पत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हिशेबाच्या बाबतीत मात्र या लोकांनी हयगय केली नाही. एप्रिल २०१० मध्ये चौकशी आयोगाचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. राजधानी रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी तो रात्रंदिवस, अखंड पारायणासारखा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचला. पुढे अनेक बँक अधिकारी तुरुंगात गेले. बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकत विकत, २०१६ च्या आरंभी, त्या परदेशी ठेवींचा अखेरचा हप्ताही चुकता झाला.