दारूगोळ्यात आधी 'दारू' आहे, हे विसरू नका!

गेले काही दिवस बघतोय, तोफ किती किलोमीटर मारते, रायफल कुणाची भारी, यावर इथे नुसत्या मारामाऱ्या चालल्यात. चालू द्या. पण एक साधा प्रश्न विचारतो. काडतुसाचे भाग चार: पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. यातला सर्वांत महत्त्वाचा कोणता?

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणारे हौशी लोक यावर वर्षानुवर्षं भांडतात. कुणी म्हणतं गोळी, कुणी पुंगळी, कुणी टोपी. माझं उत्तर स्पष्ट आहे: दारू. गोळी खराब निघाली तर नेम चुकतो. दारू चुकली तर नळी फुटते, माणूस जातो. वर ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. जुनी होऊन आतून बिघडलेली दारूही वरून तशीच दिसू शकते.

हे फक्त हौशी लोकांचं नाही हो. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे द्यायचं कबूल केलं. मुदतीत गेले निम्म्याच्या आसपास. तोफा होत्या, पैसा होता. मग अडलं कुठे? मोठी अडचण दारू आणि स्फोटकांची. म्हणून मार्च २०२४ मध्ये उत्पादन वाढवायला जे सुमारे ५० कोटी युरो जाहीर झाले, त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश याच दोन गोष्टींसाठी होते. आणि ही दारू बनते नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे मुख्यतः सरकीवरच्या आखूड लवेपासून. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला सरकी काय असते हे सांगायला नको.

आता आपल्या घरात बघू. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात दारूही बनते आणि स्फोटकंही. २४ जानेवारी २०२५ ला तिथल्या स्फोटकांच्या विभागात स्फोट झाला, ८ कामगार गेले. दोन दिवस बातम्या, श्रद्धांजलीचे फोटो, आणि मग आपण परत तोफेच्या पल्ल्यावर!

कुणी म्हणेल, "धोक्याचं काम आहे, अपघात व्हायचेच." हे वाक्य मला मान्य नाही. धोका आहे हे माहीत आहे म्हणूनच तर दोन इमारतींमध्ये अंतर ठेवतात, एका खोलीत किती माणसं आणि किती माल याची मर्यादा ठरवतात. ती पाळली की नाही, हे विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे.

२०२१ मध्ये ४१ कारखान्यांच्या ७ कंपन्या केल्या. छान. आता निर्यातीच्या आकड्यांसोबत अपघातांचे आकडेही दरवर्षी छापा. प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवा. कंत्राटी असो वा कायम, कामगाराला भरपाई सारखीच द्या.

तोफ परेडमध्ये मिरवते. दारू बनवणारा मिरवत नाही. पण तो नसेल तर ती तोफ म्हणजे नुसता लोखंडी पाइप आहे. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा.